खोड्यातला नायक

फेनिमोर कूपर म्हटले की आपल्याकडील वाचकाला 'लास्ट ऑफ द मोहिकन्स' आठवते. पाठलाग, सुटका, जंगलातील चकमकी! पण त्याच नॅटी बम्पोची पहिली कादंबरी 'द पायोनियर्स' १८२३ साली, म्हणजे मोहिकन्सच्या तीन वर्षे आधी निघाली. तिच्यात पाठलाग थोडे आहेत आणि विचार करायला लावणारे पुष्कळ. माझ्या मते कूपरच्या साऱ्या लेखनात हीच कादंबरी श्रेष्ठ. अमेरिकेचे नवे प्रजासत्ताक रान तोडून कसे पसरत गेले, हे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा तिच्यातून अधिक उमगते.

कथा घडते १७९३ साली, न्यूयॉर्क राज्यातील टेम्पलटन या नव्या गावात. गावाचा मालक, संस्थापक आणि न्यायाधीश एकच: मार्माड्यूक टेम्पल. हे गाव कल्पित खरे, पण कूपरला ते फार लांबून आणावे लागले नाही. त्याचा बाप विल्यम कूपर याने ऑट्सेगो सरोवराकाठी १७८६ च्या सुमारास कूपर्सटाउन वसविले. तोही न्यायाधीश होता, आणि काँग्रेसमध्येही निवडून गेला होता. १८०९ मध्ये तो वारला. पुढे कर्जापायी इस्टेट हातची गेली, आणि मगच मुलाने ही कादंबरी लिहिली. बापाविषयीचे प्रेम आणि बापाच्या कर्तृत्वाविषयीची शंका ही दोन्ही तिच्या पानापानांतून एकाच वेळी जाणवतात.

त्या गावाशेजारी सत्तरीचा शिकारी नॅटी बम्पो झोपडी बांधून राहतो. गाव नव्हते तेव्हापासून तो तिथे आहे. आता गाव आले, मागोमाग कायदा आला. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत हरीण मारायचे नाही, असा तो कायदा. तो न्यायाधीशाला मनापासून हवा आहे, कारण लोक झाडे, मासे, पाखरे कशी नासतात हे त्याला दिसते. पारव्यांच्या शिकारीचे प्रकरण या दृष्टीने मुद्दाम वाचावे. आभाळ झाकून टाकणारा थवा येतो, आणि गावकरी बंदुका कमी पडतात म्हणून चक्क लहानशी तोफ आणून डागतात! जमिनीवर पाखरांचा खच पडतो. नॅटी मात्र एका गोळीत एकच पारवा पाडतो, खाण्यापुरता, आणि या नासाडीबद्दल सर्वांची कानउघाडणी करतो. स्वतः न्यायाधीशही त्या गर्दीत सामील असतो. पश्चात्ताप त्याला होतो, पण पाखरे पडून गेल्यावर.

आता विनोद असा की हा कायदा अडकवितो कोणाला? तोफ डागणाऱ्यांना नव्हे. बंदीच्या दिवसांत सरोवरात एक हरीण मारणाऱ्या नॅटीला. झोपडीत चांदी दडविली असावी अशा संशयाने काही लोभी मंडळी झडतीचे वॉरंट घेऊन येतात. नॅटी बंदूक रोखून त्यांना दारातच अडवितो, आणि खटला उभा राहतो. त्याच दिवशी त्याने न्यायाधीशाच्या मुलीला, एलिझाबेथला, एका हिंस्र श्वापदाच्या तोंडून वाचविलेले असते. तरीही शिक्षा होते: तासभर खोडा, महिनाभर कैद आणि शंभर डॉलर दंड. मुलीचा जीव वाचविल्याची आठवण नॅटी भर न्यायालयात करून देतो. माझ्या खाजगी भावना येथे आणता येणार नाहीत, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळते. नंतर हाच न्यायाधीश मुलीच्या हाती गुपचूप पैसे पाठवितो.

येथे कूपर खरा कादंबरीकार ठरतो. न्यायाधीश खलपुरुष नाही. ओळखीसाठी कायदा वाकविला तर प्रजासत्ताक कशाला, हे त्याचे म्हणणे चूक नाही. पण ज्याच्यापाशी शंभर डॉलर नाहीत, त्याला हा समान कायदा समान कसा लागेल, हे नॅटीचे दुःखही खोटे नाही. दोघांपैकी एकाला खोटे पाडले असते तर कादंबरी सोपी झाली असती. खुद्द न्यायाधीशाचा कारभारी बेंजामिन नॅटीच्या शेजारी आपणहून खोड्यात पाय घालून बसतो. या एका प्रसंगात जे सांगितले आहे, ते दहा भाषणांत आले नसते.

दोषही सांगितले पाहिजेत. संवाद लांबलचक, योगायोग ढोबळ. मार्क ट्वेनने १८९५ मध्ये कूपरची जी रेवडी उडविली, ती इतर कादंबऱ्यांवरून असली तरी तिचे काही फटके येथेही बसतात. पण माझा आक्षेप भाषेवर नाही, शेवटावर आहे. ही जमीन खरी कोणाची, हा प्रश्न कूपरने पहिल्यापासून पेटता ठेवला आहे. गावात चिंगाचगूक हा वृद्ध डेलावेअर सरदार जॉन या ख्रिस्ती नावाने टोपल्या विणून दिवस काढतो. भूमी त्याच्या पूर्वजांची. वाचक उत्तराची वाट पाहतो, आणि उत्तर काय मिळते? त्या लोकांनी आपला मानलेल्या एका गोऱ्या मेजरचा नातू वारस म्हणून उभा राहतो, एलिझाबेथशी लग्न करतो, आणि जमीन घरातल्या घरात राहते! चिंगाचगूकला कूपरने डोंगरावरच्या वणव्यात मरण दिले. मरण भव्य आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही, फक्त प्रश्न विचारणारा जातो.

हा दोष एकट्या कूपरचा नव्हे. त्याच १८२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश खटल्यात ठरविले की मूळ रहिवाशांना भूमीवर केवळ वहिवाटीचा हक्क, ती खाजगी माणसास विकण्याचा नाही. दोनच वर्षांपूर्वी न्यूयॉर्कने गोऱ्या पुरुषांसाठी मतदानाची मालमत्तेची अट बहुतांशी काढली होती, पण काळ्या पुरुषांसाठी अडीचशे डॉलरची अट कायम ठेवली होती. पुढे १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदाच झाला. लोकशाहीचा दरवाजा एकीकडे रुंद होत होता आणि दुसरीकडे लागत होता. कादंबरीनेही नेमके तेच केले.

अखेरीस नॅटी मावळतीकडे निघून जातो. एलिझाबेथ रडते, थांब म्हणते, तो थांबत नाही. आणि कूपर त्यालाच राष्ट्राचा वाटाड्या ठरवितो! गावापासून पळणारा माणूस गावासाठी वाट पाडतो आहे. १८०३ मध्ये लुइझियानाचा मुलूख दीड कोटी डॉलरला घेऊन देश जवळजवळ दुप्पट झाला. 'द प्रेअरी' या १८२७ च्या कादंबरीत तिथेही वसाहतवाले नॅटीला गाठतात, आणि तिथेच तो मरतो.

आणि ते पारवे? त्या जातीचा शेवटचा पक्षी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. शंभर वर्षांहून थोडे कमी आधी एका कादंबरीतल्या म्हाताऱ्याने सांगून ठेवले होते. त्याला आपण खोड्यात घातले होते.