पंखांवरून कोट

हार्वी बर्डमॅन नावाचे एक वकील आहेत. अंगात इस्त्रीचा सूट, गळ्यात टाय, हातात खटल्याचे कागद. आणि वर डोळे झाकणारा मुखवटा व कोटाच्या पाठीतून बाहेर आलेले दोन भले थोरले पंख! त्यांच्या कचेरीतले टंकलेखन एक गरुड करतो. ज्या न्यायाधीशांपुढे ते उभे राहतात त्यांपैकी एक गृहस्थ एके काळी उडत्या डायनोसॉरच्या साथीने गदा घेऊन लढत असत. विरुद्ध बाजूचे वकील तर पूर्वी किरण सोडून भल्याभल्यांना बोटाएवढे करीत. अशा या कोर्टात जुन्या कार्टूनमधली मंडळी आपापली गाऱ्हाणी घेऊन येतात, आणि आपले पंखवाले वकीलसाहेब बहुधा गोंधळून, कधी कधी जिंकून, बाहेर पडतात.

'हार्वी बर्डमॅन, अ‍ॅटर्नी अ‍ॅट लॉ' ही ती अमेरिकन मालिका. कार्टून नेटवर्कच्या 'अ‍ॅडल्ट स्विम' या रात्रीच्या, मोठ्यांसाठी राखलेल्या भागात ती २००१ ते २००७ या काळात चालली. घरातली पोरे जागी असताना ती लावू नये, हे आधीच सांगून टाकतो; दिवाळी अंक सगळ्यांच्या हाती जातो, मागाहून बोल नको. परंतु मोठ्यांनी ती पाहावी असे मला मनापासून वाटते. तिच्यात आणि तिच्या दोनतीन भावंडांत विडंबन या गोष्टीविषयी काही शिकण्यासारखे आहे.

हा बर्डमॅन मूळचा १९६७ सालचा. हॅना-बार्बेरा यांच्या कारखान्यात तो जन्मला. सूर्यापासून बळ घ्यायचे, दुष्टांवर किरण सोडायचे, स्वतःचेच नाव मोठ्याने पुकारीत आकाशात झेपावायचे, एवढेच त्याचे आयुष्य. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ साली, अ‍ॅलेक्स टॉथ या विलक्षण हाताच्या चित्रकाराने रेखाटलेला स्पेस घोस्ट आला होता. शनिवारी सकाळी अमेरिकेतली मुले अशा वीरांपुढे मांडी ठोकून बसत. ही भरभराट मात्र फार टिकली नाही. मारामारी फार होते अशी पालकांनी ओरड केली, आणि १९६९ साली स्कूबी-डू नावाचा भित्रा कुत्रा आला तोवर बहुतेक वीरांचे चंबूगबाळे आवरले गेले होते.

या कार्टूनांची चित्रे देखणी, पण हालचाल भारी कंजूष. दूरचित्रवाणीचा पैसा तुटपुंजा, म्हणून एकदा काढलेली चित्रे पुन्हा पुन्हा वापरायची, धड स्थिर ठेवून नुसते तोंड हलवायचे. हॅना-बार्बेराच्या योगी अस्वलाच्या गळ्याला कॉलर व टाय का, तर तिच्याखाली डोके आणि धड यांचा सांधा लपतो! वीराला मुखवटा असला म्हणजे तर चेहऱ्यावर भाव दाखविण्याचीही कटकट उरत नाही. गरिबीच्या संसारातली ही काटकसर लहानपणी आपल्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे १९९५ साली कार्टून नेटवर्क सुरू झाले तेव्हा ही जुनी चित्रे पाहणाऱ्या आम्हा मुलांनाही ती दिसली नाही. आम्हाला वीर दिसत होता.

विडंबनकारांनी नेमकी ही काटकसर उचलली. १९९४ साली 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट' ही मालिका निघाली तेव्हा कार्टून नेटवर्कच्या हाताशी पैसा थोडा आणि जुन्या चित्रांचा साठा मात्र भरपूर होता. तेव्हा त्यांनी १९६६ चीच चित्रे कापून नव्याने जोडली, नवे आवाज घातले, आणि अंतराळवीराला मुलाखतकार करून मेजामागे बसवले. त्याचे जुने शत्रू त्याचे नोकर झाले. नाकतोड्यासारखा झोरॅक वाद्यवृंद सांभाळतो, लाव्हारसाचा मोल्टार आत बसून कार्यक्रमाचे बटण दाबतो. दोघेही धन्याचा मनापासून द्वेष करतात. पाहुणे मात्र हाडामांसाचे, खरेखुरे प्रसिद्ध लोक. त्यांची मुलाखत आधी घ्यायची आणि मग प्रश्नच बदलून टाकायचे, म्हणजे साध्या उत्तराचेही भलतेच होते. पण मला सर्वांत आवडतात त्यातले थांबे. वीर बोलत नाही, पाहुणा बोलत नाही, चित्र हलत नाही, नुसता शुकशुकाट. मूळ कार्टूनात जी पैशाची अडचण होती तीच इथे विनोदाची जागा झाली आहे. मुखवट्यामागचा हा माणूस आत अगदी एकटा असला पाहिजे, असे त्या शांततेत वाटून जाते. मूळ मालिकेने असे कधी वाटू दिले नव्हते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. बालपणीची दैवते अशी पायदळी का तुडवावी? मला हा आक्षेप खोटा वाटतो. आपल्या तमाशातली गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण अडवतो आणि मावशी खुद्द देवाची अशी काही हजेरी घेते की पुसता सोय नाही. पण पाहणाऱ्यांतला एकही जण कृष्णाला उणे लेखून घरी जात नाही. देव ओळखीचा असतो म्हणून मावशीची जीभ सैल सुटते. परक्याची चेष्टा करण्यात कसले आले धाडस?

हार्वीच्या कोर्टातला एक खटला सांगतो. १९७७ च्या 'सुपर फ्रेंड्स' मध्ये अपाची चीफ नावाचा वीर होता. मंत्र म्हटला की पर्वताएवढा वाढायचा. हार्वीकडे तो येतो तो मांडीवर गरम कॉफी सांडली म्हणून. त्या धक्क्याने त्याची वाढण्याची शक्तीच गेली आहे, नुकसानभरपाई हवी! अमेरिकेत १९९४ साली गरम कॉफीचा एक खटला फार गाजला होता, त्याला हा टोला. पण त्याच भागात त्याचा सोबती ब्लॅक व्हल्कन येतो आणि आपल्याच नावामागे तेवढा 'काळा' का जोडला, याची तक्रार करून जातो. झाले, क्षणात पुढचा विनोद सुरू होतो. जुन्या मालिकेतील एका खोडीवर एवढ्या थोडक्यात बोट ठेवणारी टीका मी गंभीर लेखांतही क्वचित वाचली आहे.

सगळीच भावंडे अशी गुणी नाहीत. १९७२ सालच्या 'सीलॅब २०२०' या समुद्रतळच्या शास्त्रज्ञांच्या मालिकेचे 'सीलॅब २०२१' हे विडंबन मला लवकर कंटाळवाणे झाले. मूळ मालिका मुलांना समुद्राविषयी कळकळीने काही सांगू पाहत होती; नवी तिच्या कळकळीलाच हसते, आणि शेवट सुचला नाही की तळाचा स्फोट करून मोकळी होते. इथे मावशी नाही, नुसता टवाळ आहे.

उलट 'द व्हेंचर ब्रदर्स' पाहताना हसता हसता घशाशी काही अडकते. ही मालिका २००४ ते २०१८ पर्यंत रेंगाळत चालली, आणि २०२३ साली एका चित्रपटाने संपली. हिच्या मुळाशी १९६४ ची 'जॉनी क्वेस्ट' आहे. शास्त्रज्ञ बाप, धाडसी मुलगा, अंगरक्षक, कुत्रा, आणि मुलाचा मित्र हाजी. हा हाजी राहणारा कलकत्त्याचा; डोक्याला फेटा, अंगी मंत्र म्हणून वस्तू अधांतरी उचलण्याची विद्या! हिंदुस्थान म्हणजे काय याची अमेरिकन कारखान्याला असलेली समज एवढीच. तरीही मला तो आवडत असे, कारण त्या सगळ्या साहसात आपल्याकडचा असा तोच एक होता. आज त्याच्याकडे पाहताना ओशाळल्यासारखे होते, आणि तरी तो दिसला की बरेही वाटते. या दोन भावना एकत्र नांदवणे फार थोड्या कलाकृतींना जमते.

'व्हेंचर ब्रदर्स'ला ते जमले आहे. तिचे कर्ते जॅक्सन पब्लिक व डॉक हॅमर यांनी एकच प्रश्न विचारला: तो धाडसी मुलगा मोठा झाल्यावर त्याचे काय झाले? उत्तर असे, की तो टक्कल पडलेला, गोळ्या खाणारा, थोर बापाचे जुने शोध विकून दिवस काढणारा रस्टी व्हेंचर झाला. त्याचा वैरी मोनार्क फुलपाखराचे पंख लावून हिंडतो, पण त्यालाही खलनायकांच्या संघाचे नियम पाळावे लागतात; कोणी कोणाचे वैर करावे तेही संघच ठरवतो. नाइलाजाने हसू येते, कारण अशी कचेरी आपल्या ओळखीची असते.

२००९ सालच्या एका भागात रस्टी एका मानसोपचाराच्या बैठकीला जातो. लहानपणी साहसे केलेले पुरुष तिथे गोल करून बसलेले असतात. त्यांत जॉनी क्वेस्टही आहे, नाव थोडे बदललेला, व्यसनांनी पार खिळखिळा झालेला. समुद्रात बुडवले, विमानातून लोटले, बापाच्या शत्रूंनी पळवून नेले, असे एकेक जण सांगतो, आणि दर शनिवारी सकाळी आम्ही टाळ्या वाजवल्या त्या याच प्रसंगांना, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. ते सगळे विनोदीच आहे, मी हसलोही. मग त्याच रात्री 'जॉनी क्वेस्ट'चा एक जुना भाग शोधून काढला आणि पोरे झोपल्यावर एकटाच पाहत बसलो. हाजीने मंत्र म्हटला. वस्तू हवेत उचलली गेली.