स्मृती आणि तिचे पत्ते : एका रूढ स्पष्टीकरणाची समीक्षा

संगणकात बसविलेली सर्व स्मृती कित्येकदा उपयोगास का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकाच वाक्यात दिले जाते : ‘प्रणाली 32 बिटांची आहे, म्हणून 4 गिगाबाइटांची मर्यादा पडते.’ हे विधान असत्य नव्हे. परंतु ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाचे मूळ ‘मर्यादा’ या शब्दाच्या सैल वापरात आहे.

32 बिटांनी 4,29,49,67,296 पत्ते लिहिता येतात. प्रत्येक पत्त्यास एक बाइट धरल्यास 4 गिगाबाइट स्मृती संपूर्ण हाती यावयास हवी. प्रत्यक्षात अशा यंत्रांत पुष्कळदा तीन-साडेतीनच हाती येत. कारण पत्ते एकट्या स्मृतीच्या मालकीचे नसतात. ग्राफिक्स कार्डादी उपकरणांनाही ते त्याच क्रमातून द्यावे लागतात. ही उपकरणे स्मृती व्यापीत नाहीत, तिची नावे व्यापतात. वस्तू शिल्लक असते, पण तिचा वाचक शब्द दुसऱ्याकडे गेल्याने तिच्याशी व्यवहार खुंटतो. 1981 च्या आयबीएम पीसीतही 1024 किलोबाइटांच्या पत्त्यांपैकी 384 किलोबाइटांचे पत्ते असेच राखून ठेवले होते; प्रोग्रामांच्या वाट्यास 640 आले.

शिवाय ही मर्यादा सर्वस्वी यंत्राची नाही. 1995 च्या पेंटियम प्रो प्रक्रियकास 36 बिटांचे भौतिक पत्ते, म्हणजे 64 गिगाबाइट, उपलब्ध होते. तरीही 32 बिटांच्या विंडोज एक्सपीने 2004 च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून 4 गिगाबाइटांपलीकडील पत्ते वर्ज्य केले. कारण कित्येक ड्रायव्हर इतके लांब पत्ते हाताळण्यास असमर्थ होते. येथे निर्बंध धोरणाचा आहे, गणिताचा नव्हे.

2008 मध्ये विंडोज व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने उपलब्ध स्मृतीऐवजी बसविलेल्या स्मृतीचा आकडा दाखविण्यास आरंभ केला. आकडा वाढला, स्मृती वाढली नाही. 2009 च्या विंडोज 7 ने ‘बसविलेली’ आणि ‘वापरण्याजोगी’ असे दोन्ही आकडे शेजारी मांडले, हे इष्टच झाले. तथापि ‘वापरण्याजोगी’ या एका पदाखाली दोन भिन्न कारणे झाकली जातात. पत्त्याअभावी अंतरलेली स्मृती 64 बिटांच्या प्रणालीने, मदरबोर्ड अनुकूल असल्यास, परत मिळते. अंगभूत ग्राफिक्ससाठी राखलेली स्मृती तेथेही वजाच राहते. निदान भिन्न, म्हणून उपायही भिन्न.

तेव्हा अभ्यासकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘स्मृती किती?’ हा नसून, ‘उणे काय पडले, वस्तू की तिचे नाव?’ हा होय.