‘ढाका से वापसी पर’ : काळ, क्षमा आणि उत्तरदायित्व

फैज अहमद फैज (१९११-१९८४) यांची ‘ढाका से वापसी पर’ ही गझल मैफलीत बहुधा विरहाची गझल म्हणून ऐकली जाते. तिची पार्श्वभूमी मात्र राजकीय आहे. जून १९७४ मध्ये पंतप्रधान भुट्टो यांच्यासमवेत फैज ढाक्याला गेले होते. त्याच्या दोनच महिने आधी, ९ एप्रिल १९७४ रोजी, दिल्लीत भारत, पाकिस्तान व बांगलादेश यांच्यात करार झाला होता. १९७१ मधील अत्याचारांबद्दल ज्या १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालवायचे होते, त्यांना त्या कराराने क्षमा मिळाली.

या गझलेची रदीफच ‘नंतर’ या अर्थाची आहे. म्हणजे प्रत्येक शेर काळाशी येऊन थांबतो. तुटलेली ओळख जुळायला आणि रक्ताच्या खुणा पुसल्या जायला किती काळ लागेल, हा तिचा मध्यवर्ती प्रश्न होय. परंतु खुणा पुसण्याचे काम कवी ऋतूंवर सोपवितो. रक्त कोणी सांडले, हे तो सांगत नाही. नाव न घेणे हा गझलेचा संकेतच आहे, असे समर्थन करता येईल. ते पुरेसे नाही. मक्त्यात खुद्द कवीच कबूल करतो की, बाकी सारे बोलून झाले, पण मुख्य गोष्ट राहून गेली. गझलेचा प्रामाणिकपणा या कबुलीत आहे आणि तिची मर्यादाही इथेच आहे.

राहून गेलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले? काही वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांवर खटले चालविण्याची शिफारस करणारा पाकिस्तानच्याच हमूदुर रहमान आयोगाचा अहवाल २००० पर्यंत गुप्त राहिला. बांगलादेशात २०१० मध्ये न्यायाधिकरण स्थापन झाले, तेव्हा पिंजऱ्यात उभे राहिले ते स्थानिक साथीदार. त्या १९५ पैकी कोणी नव्हे. या खटल्यांच्या निःपक्षपातीपणावरही आक्षेप घेतले गेले. फाशीची शिक्षा झालेल्या एका आरोपीस तेथील सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निर्दोष ठरविले.

युद्धगुन्ह्यांना मुदतीचा कायदा लागू नाही, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९६८ च्या कराराचे तत्त्व आहे. पण साक्षीदाराच्या आयुष्याला मुदत असते. म्हणून विलंबाने गुन्हा संपत नसला, तरी तो सिद्ध करण्याची साधने संपत जातात आणि निरपराधालाही धोका वाढतो.

त्या काळी ढाक्यात उर्दू ही सत्तेची भाषा मानली गेली होती. अशा भाषेतील थोर कवीने अपुरेपणाची कबुली द्यावी, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु कबुली म्हणजे जबाब नव्हे. ही गझल वर्गात शिकविताना तिच्या नादमाधुर्याबरोबर १९५ हा आकडाही विद्यार्थ्यांपुढे ठेवला गेला पाहिजे.