‘आवड नाही’ असे कोणी लिहिले?

मुसलमानांना शिक्षणाची आवड नाही, हे वाक्य महाराष्ट्रात इतक्यांदा उच्चारले गेले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरजही कुणाला वाटत नाही. शाळेतले गुरुजी ते म्हणतात, पुढारी म्हणतात, आणि जुम्म्याच्या बयानात आपली वडीलधारी मंडळीही तेच म्हणून आपल्यालाच खडसावतात. पण वाक्यालाही इतिहास असतो. हे वाक्य सरकारदरबारी कसे नोंदले गेले आणि त्याचा फायदा कुणाला झाला, हे तपासायचे तर १८८२-८३ सालांतले दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. एक आपल्या जिवाभावाच्या माणसाचा आहे, दुसरा सत्तेचा.

पहिला दस्तऐवज म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेले इंग्रजी निवेदन. सत्ता आणि शाळा यांचे नाते इतक्या थेट शब्दांत मांडणारा दुसरा मजकूर त्या काळात सापडणे कठीण. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सिद्धांत त्यांनी धुडकावला. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, त्यांना पोटापुरता पगार द्या, ज्या वर्गांत शिक्षण पोचलेले नाही त्यांच्यासाठी निम्म्या शिष्यवृत्त्या राखा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आजही त्या जुन्या वाटत नाहीत.

याच निवेदनात मुसलमानांविषयी एक छोटा उल्लेख आहे. त्याचा आशय असा, की या इलाख्यातले मुसलमानही सरकारी शाळांपासून दूर राहतात, कारण का कोण जाणे, त्यांना मराठीची किंवा इंग्रजीची आवड दिसत नाही. लगेच पुढे महार, मांग आणि इतर जातींचा विषय येतो. तिथे मात्र जोतीराव कारण स्पष्ट सांगतात: उच्च जातींच्या मुलांशेजारी त्यांना बसू दिले जात नाही, म्हणून ते शाळेबाहेर आहेत.

समीक्षकाने थांबावे ते इथे. दोन समाज शाळेबाहेर आहेत. एकाच्या बाहेर असण्याला ‘अडचण’ असे नाव मिळते, दुसऱ्याच्या बाहेर असण्याला ‘नावड’. अडचण दूर करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. नावड मात्र ज्याची त्याची. तिच्यावर सरकारने काय करायचे?

हे जोतीरावांच्या द्वेषातून आले, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. वडिलांनी शाळेतून काढून शेतीला लावलेल्या जोतीरावांना पुन्हा शाळेत घाला, असे गोविंदरावांना पटवणाऱ्या दोघांत एक होते गफ्फार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. घर सुटले तेव्हा फुले दांपत्याला आसरा दिला तो उस्मान शेख यांनी. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. पैगंबरांवर ‘मानव महंमद’ हा अखंड लिहिणारा माणूस मुसलमानांचा वैरी असूच शकत नाही. म्हणूनच हा उल्लेख अधिक बोलका आहे. सत्तेची भाषा तिच्याविरुद्ध लढणाऱ्याच्याही लेखणीत नकळत शिरते. एका मुसलमान शिक्षकाच्या शब्दामुळे जो शाळेत परतला, त्याच्याही निवेदनात मुसलमानाच्या दूर राहण्याचे कारण ‘का कोण जाणे’ एवढेच उरते.

कारण तर समोरच होते. कंपनी सरकारच्या राज्यात फारसीचे कचेरीतले स्थान गेले. १८३७ च्या कायद्याने त्याची वाट मोकळी केली. फारसीवर पोट भरणारा मुन्शी, काजी, कारकून हा वर्ग निराधार झाला. गावातला मुलाणी, आतार, पिंजारी, तांबोळी, शिकलगार तर कधी कचेरीत नव्हताच. तो कुणब्याइतकाच गरीब होता आणि त्याचे पोरही कुणब्याच्या पोरासारखेच कामाला जुंपलेले होते. म्हणजे जोतीरावांनी रयतेसाठी दिलेले प्रत्येक कारण या मुसलमानालाही लागू होते. त्याला रयतेत मोजले नाही, वेगळ्या रकान्यात टाकले, इतकेच.

तो रकाना पक्का केला दुसऱ्या दस्तऐवजाने, म्हणजे आयोगाच्या अहवालाने. आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी १८७१ मध्ये भारतीय मुसलमानांवर पुस्तक लिहिले होते. त्यातले चित्र मुख्यतः बंगालचे होते, पण वाचणाऱ्यांनी ते साऱ्या हिंदुस्थानचे मानले. आयोगाने मुसलमानांसाठी स्वतंत्र शिफारशी केल्या. त्यातल्या काही स्वागतार्हच होत्या. त्यांच्या शिक्षणावरचा खास खर्च सार्वजनिक निधीतून करावा, ही त्यातली एक. पण दुसरी अशी होती, की प्राथमिक आणि मधल्या शाळांत मुसलमानांचे मुख्य माध्यम हिंदुस्थानी असावे. स्थानिक मुसलमानांनी दुसरी भाषा मागितली तर अपवाद करावा.

अपवाद मागायचा कुणी? चिपळूणच्या खलाशाने की बार्शीच्या बागवानाने? आयोगापर्यंत आवाज पोचत होता तो शहरातल्या शरीफ घराण्यांचा. उर्दू त्यांच्या घरातली आणि अभिमानाची भाषा होती, आणि तो अभिमान रास्तही होता. चूक झाली ती पुढे. त्यांच्या घरची भाषा साऱ्या जमातीची ठरवली गेली. सरकारला एकजिनसी मुसलमान सोयीचा होता, आपल्या अश्राफांना त्याचे प्रतिनिधित्व सोयीचे होते. घरात दखनी किंवा कोकणी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलाला शाळेत तिसरीच भाषा भेटली.

‘मराठीची आवड नाही’ म्हणणाऱ्यांनी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ पाहावा, शाहीर अमर शेखांचा आवाज आठवावा, मिरजोळीच्या हमीद दलवाईंची ‘इंधन’ वाचावी. दलवाईंच्या मतांशी आपल्यातल्या अनेकांचे भांडण आहे आणि राहील, पण त्यांच्या मराठीशी कुणाचे भांडण असेल? १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेही नावड असलेल्यांनी भरवले नाही.

याचा अर्थ उर्दू शाळा बंद करा असा कुणी काढू नये. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय हे घटनेच्या ३५०-अ कलमातले वचन आहे, आणि ज्याची मातृभाषा उर्दू आहे त्याला ते मिळालेच पाहिजे. प्रश्न वेगळा आहे. अनेक गावांत उर्दू शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि पोराला एकदम मराठी माध्यमात उडी मारावी लागते. ती उडी चुकली की आपण पुन्हा म्हणतो, आवड नव्हती. शिवाय माध्यम वेगळे असले तरी मजकूर एकच. इतिहासात आपण कोण आहोत हे बालभारतीचे उर्दू पुस्तकही तेच सांगते, जे मराठी पुस्तक सांगते. ते ठरवणाऱ्या टेबलाभोवती आपल्या मुलाण्या-पिंजाऱ्यांना कधी जागा मिळाली? सत्तेने आपल्याला वेगळी लिपी दिली, लेखणी दिली नाही.

२००६ च्या सच्चर समितीने या जुन्या वाक्याला आकडे दाखवले. २००१ च्या जनगणनेत मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा कमी होती. सहा ते चौदा वयोगटातली सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. आणि सारी मुले मदरशात जातात हा समज खोटा निघाला. तिथे जाणारी चार टक्क्यांहूनही कमी. पालकांना शिक्षण हवे आहे, पण गरिबी आहे आणि जवळ शाळा नाही, असे समितीने नोंदवले. एकशे चोवीस वर्षांनी ‘नावड’ खोडून ‘अडचण’ हा शब्द सरकारी कागदावर आला.

पण शब्द बदलल्याने व्यवस्था बदलत नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात मुसलमानांतील मागास घटकांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात नोकऱ्यांतील आरक्षण थांबवले, पण शिक्षणातले चालू ठेवायला मोकळीक दिली. तरीही अध्यादेशाचा कायदा झाला नाही. न्यायालयाने उघडे ठेवलेले दार विधिमंडळात बंद झाले. ही कुणाची नावड म्हणायची?

मुस्लिम मराठी लेखकांकडून म्हणूनच एक मागणे आहे. आपल्या कथा-कादंबऱ्यांत शाळा सोडणारी मुले पुष्कळ आहेत. बहुतेकदा ती बापाच्या अडाणीपणामुळे किंवा मौलवीच्या हट्टामुळे शाळा सोडतात. तसेही घडते, ते लिहावेच. पण सातवीनंतर नसलेला वर्ग, रिकामी राहिलेली शिक्षकाची खुर्ची, गॅरेजातला आठवड्याचा पगार आणि हजेरी घेताना नाव उच्चारण्याची तऱ्हा, हेही त्याच कथेत आले पाहिजे. ते आले नाही, तर १८८२ चे ते ‘का कोण जाणे’ आपणच आपल्या अक्षरात पुन्हा लिहीत राहू.