दायमाबादची धातुशिल्पे आणि आर्सेनिकची साक्ष : स्पंदोच्चता-विश्लेषणाच्या मर्यादा

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबादचे प्राचीन वसतिस्थान आहे. तेथे १९७४ साली चार धातुशिल्पे सापडली : बैलजोडी जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. ती पद्धतशीर उत्खननाच्या थरांतून नव्हे, तर झुडपाच्या मुळाशी खणताना एका स्थानिक रहिवाशाच्या हाती आली. त्यामुळे त्यांचा काळ हा आरंभापासूनच वादाचा विषय ठरला. म. न. देशपांडे, एस. आर. राव, एस. ए. साळी व म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर-हडप्पा काळातील मानली, डी. पी. अग्रवाल यांनी घटकद्रव्यांच्या आधारे ती ऐतिहासिक काळातील असावीत, असे मत मांडले. शिल्पांत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे, आणि इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत आर्सेनिकचे मिश्रण आढळत नाही, हा त्या मताचा आधार होय.

प्रस्तुत टिपणाचा हेतू या दोन पक्षांत निवाडा करण्याचा नाही. धातूतील आर्सेनिक क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजले जाते तेव्हा त्या आकड्यावर किती भार टाकता येतो, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

क्ष-किरणांनी उत्तेजित झालेले प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठराविक ऊर्जेचे किरण उत्सर्जित करते. असा एक किरण सिलिकनच्या शोधकात शिरला की त्याच्या ऊर्जेच्या प्रमाणात विद्युत्भारांच्या जोड्या निर्माण होतात. एका जोडीस सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणून तांब्याचा ८.०५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा किरण सुमारे २,२०० जोड्या देतो. त्यांच्यापासून निघणाऱ्या विद्युत्स्पंदाची उंची मोजून तो स्पंद योग्य त्या खान्यात नोंदवावयाचा, हेच स्पंदोच्चता-विश्लेषण. परंतु जोड्यांची संख्या दर वेळी किंचित बदलते. त्यामुळे एकाच ऊर्जेचे स्पंद एका रेषेवर न पडता पट्ट्यात पसरतात. चांगल्या शोधकातही या पट्ट्याची रुंदी सुमारे १५० इलेक्ट्रॉनव्होल्ट असते.

येथेच खरी अडचण उद्भवते. आर्सेनिकची प्रमुख रेषा १०.५४, तर शिशाची प्रमुख रेषा १०.५५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला येते. दोहोंतील अंतर पट्ट्याच्या रुंदीच्या दशांशाहूनही कमी आहे. भाषाभ्यासकाला ही स्थिती परिचित आहे : दोन शब्दांचा उच्चार एक असला तर कान कितीही तीक्ष्ण असला तरी उपयोग नाही, अर्थ संदर्भातूनच ठरवावा लागतो. येथे तो संदर्भ दुय्यम रेषांचा होय. आर्सेनिकची दुय्यम रेषा ११.७३ला, शिशाची १२.६१ला, त्या स्पष्टपणे वेगळ्या दिसतात. मात्र आर्सेनिकची दुय्यम रेषा प्रमुख रेषेच्या सुमारे एक-सप्तमांश तीव्रतेचीच असते. म्हणून शिसे पुष्कळ आणि आर्सेनिक थोडे अशा मिश्रधातूत एक टक्क्याच्या आसपासचा आकडा सहज डळमळतो.

दुसरी मर्यादा पृष्ठभागाची. तांब्यातून बाहेर येऊ शकणारे आर्सेनिकचे किरण मिलिमीटरच्या काही शतांशांच्या थरातूनच येतात. ओतीव तांब्यात आर्सेनिक पृष्ठभागाकडे साचते, हे धातुविद्येत सर्वज्ञात आहे. शिवाय दीर्घकाळ मातीत राहिल्याने गंजाचा थर वेगळाच बनतो. तेव्हा वरून घेतलेले माप म्हणजे आतल्या धातूचे माप नव्हे. खोलवर छिद्र पाडून घेतलेल्या नमुन्याच्या आकड्याशी त्याची बरोबरी करणे योग्य ठरत नाही.

आता आकडा निर्दोष आहे असे गृहीत धरले, तरी निष्कर्ष आपोआप सिद्ध होत नाही. इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत आर्सेनिक न आढळणे, हा अभावाचा पुरावा आहे. तपासलेल्या ग्रंथांत जे रूप मिळाले नाही, ते ज्या ग्रंथात मिळाले तो ग्रंथ अर्वाचीनच असला पाहिजे, असे आपण म्हणत नाही. ते रूप अन्य प्रदेशातून आले असेल, हीही शक्यता तपासतो. हडप्पा संस्कृतीच्या काही ताम्रवस्तूंत आर्सेनिक मिळाले आहे. शिल्पे उत्तर-हडप्पा काळातील मानणाऱ्यांना तेवढी वाट मोकळी राहते. परंतु एवढ्यावरून त्यांचा पक्षही सिद्ध होत नाही. थराचा प्रश्न जेथल्या तेथेच उरतो.

सारांश, टक्केवारीबरोबर चार गोष्टींची नोंद अवश्य व्हावी : नमुना पृष्ठभागावरचा की आतला, शिशाचे प्रमाण किती, आर्सेनिक कोणत्या रेषेवरून मोजले आणि प्रमाण-नमुना कोणता वापरला. या नोंदींवाचून दिलेला आकडा म्हणजे पाठभेद न दाखविता छापलेली संहिता होय. ती वाचता येते, पण तिच्या आधारे कालनिर्णय करता येत नाही.