होरेसचा दावा

रोमन कवी होरेस याने आपल्या ‘ओड्स’चे पहिले तीन भाग इ. स. पूर्व २३ च्या सुमारास प्रसिद्ध केले. तिसऱ्या भागाच्या अखेरच्या कवितेत, ग्रीक गीतांची वृत्ते इटलीच्या वाणीत प्रथम आपणच आणली, असे तो अभिमानाने सांगतो. हा दावा खरा नाही. त्याच्या आधी तीसएक वर्षे कॅटलसने ग्रीक कवयित्री सॅफो हिची एक कविता तिच्याच वृत्तात लॅटिनमध्ये उतरविली होती. होरेसच्या समग्र लेखनात कॅटलसचे नाव एकदाच येते, आणि तेही कुचेष्टेच्या ओघात!

मग होरेसचे कर्तृत्व कोणते? सॅफोच्या वृत्तात ११ अक्षरांच्या तीन ओळी आणि ५ अक्षरांची चौथी. लघुगुरूंचा क्रम आपल्या इंद्रवज्रेहून निराळा. पण तत्त्व तेच, म्हणून इंग्रज वाचकापेक्षा मराठी कानाला ते अधिक सहज उमगावे. कॅटलस ११ अक्षरी ओळीतील चौथे अक्षर कधी लघू, कधी गुरू ठेवतो. होरेस ते गुरूच ठेवतो आणि यती बहुधा पाचव्या अक्षरानंतर घेतो. कॅटलसची ओळ हुंदक्यासारखी येते, होरेसची तोलून पाऊल टाकते. या तोलाला पुष्कळ रसिक थंडपणा म्हणतात. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही.

पहिल्या भागातील क्लिओपात्रेवरची ओड पाहावी. आरंभी विजयोत्सवाचे आवाहन आणि शत्रुराणीची निर्भर्त्सना. पण अखेरीस विजेत्याच्या मिरवणुकीपेक्षा मरण पत्करणारी ती मानी स्त्रीच सारी कविता व्यापून उरते. हे लिहिणारा इ. स. पूर्व ४२ मध्ये फिलिपायच्या रणात ऑक्टेव्हियनच्या, म्हणजे पुढील ऑगस्टस सम्राटाच्या, विरुद्ध लढून हरला होता आणि नंतर रोमच्या कोषागारात कारकून झाला होता. पुढे सम्राटाने देऊ केलेले चिटणीसपद त्याने नाकारले, असे स्वेटोनियस सांगतो. (आपणा नोकरवर्गापैकी किती जणांना ते साधले असते?)

अँड्र्यू मार्व्हेलने १६५० मध्ये क्रॉमवेलवर ‘होरेशियन ओड’ लिहिली, तेव्हा त्याने होरेसचे वृत्त नव्हे, हा तोल उचलला. जयजयकार क्रॉमवेलचा, परंतु वधमंचावरील चार्ल्स राजाची प्रतिष्ठाच मनात रेंगाळते.

कॅटलसला असे वारस फार उशिरा मिळाले. मध्ययुगात तो जवळजवळ विस्मृत होता. १३०० च्या सुमारास व्हेरोनात उजेडात आलेल्या एकाच हस्तलिखितामुळे त्याच्या बहुतेक कविता आपल्या हाती आल्या, आणि ते हस्तलिखितही पुढे गहाळ झाले. त्याचे ऋण न मानणारा होरेस मात्र त्या काळातही शाळांतून वाचला जात होता.