भयानकाचा आस्वाद आणि उसाचा फड

भयपटाच्या खेळाला भोजनाची जोड देणे रसिकतेशी विसंगत वाटते; परंतु 'नाट्यशास्त्रा'त रसाची उपपत्तीच भोजनाच्या दृष्टान्ताने मांडली आहे. नाना व्यंजनांनी संस्कारित अन्नाचा जसा, तसाच स्थायी भावांचा आस्वाद प्रेक्षक घेतो. अभिनवगुप्ताने त्याला अट घातली: भय 'माझे' किंवा 'त्याचे' राहता कामा नये, ते देशकालापासून सुटले पाहिजे. 'शाकुंतला'तील जिवाच्या भीतीने पळणारे हरिण हे त्याचे उदाहरण.

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) नारायणगावात पाहिला, तर ही अट कसोटीला लागते. चित्रपटातील गर्भवती नेहा उसाने वेढलेल्या घरात अडकते. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या खरोखरच पिले वाढवतो, आणि जेवण आटोपलेल्या प्रेक्षकाला तशाच फडाच्या कडेने घरी परतायचे असते. हे भय साधारणीकृत व्हावे कसे?

मात्र फुरिया यांच्या उसात श्वापद नाही. तेथील भयाचे मूळ स्त्री-अर्भकांच्या हत्येत, म्हणजे घरातच आहे. उसाची भीती ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला हे स्थलांतर अधिक तीव्रतेने जाणवते: बिबट्यापासून ज्या घराचा आसरा घ्यायचा, तेच संशयास्पद ठरते. शेजारी जेवणारे कुटुंबही त्या संशयातून सुटत नाही. भय पुन्हा 'आपले' होणे हे अभिनवगुप्ताच्या मते रसविघ्न. 'लपाछपी'चे सामर्थ्य मात्र त्या विघ्नातच आहे.